आश्रय, वतन आणि वर्गणी : भोर-वेल्हे परिसरातील कलाव्यवहाराची मीमांसा

मराठीतील कलाविषयक लेखनात 'राजाश्रय' आणि 'लोकाश्रय' या दोन शब्दांवर फार मोठा भार टाकण्यात आला आहे. संस्थानिक होते तोवर कलेला राजाश्रय होता, संस्थाने गेली आणि कला लोकाश्रयावर आली, अशी एक सुटसुटीत मांडणी गायन, नाट्य, चित्र या सर्वच कलांच्या इतिहासांतून आढळते. तिला आधार देणारी उदाहरणे अर्थातच आहेत. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तल्यावर तो आधार सुटला, भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले, आणि १८५३ मध्ये मुंबईकरांनी तिकीट काढून त्यांचे खेळ पाहिले. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत कोल्हापुरास १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय स्थापिले. ही उदाहरणे इतकी ठळक आहेत की त्यांवरून नियम बांधण्याचा मोह टळत नाही. परंतु हे तिघेही संस्थानिक आपल्या वर्गात अपवादात्मक होते, आणि अपवादांवरून बांधलेला नियम सामान्य स्थळी कितपत टिकतो हे तपासणे समीक्षेचे काम आहे. ज्या संस्थानाचे नाव या मालिकेत सहसा घेतले जात नाही, तेथे कला कशावर जगत होती, आणि आज कशावर जगते, हा प्रश्न म्हणूनच अधिक उद्बोधक ठरतो.

या तपासणीस भोर हे योग्य स्थळ आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव यांच्या घराण्याकडे आलेला हा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला, पावसाचा आणि भाताचा. त्यात सपाट जमीन थोडी व डोंगर फार. १९०१ च्या सुमारास संस्थानाचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल व लोकसंख्या १,३७,२६८ इतकी होती. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड असे त्याचे तालुके किल्ल्यांच्या व मावळांच्या नावांनी ओळखले जात. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जुन्या राजगड व प्रचंडगड या भागांतील पुष्कळसा प्रदेश पुढे वेल्हे तालुका म्हणून ओळखला गेला. २०२४ मध्ये शासनाने त्याला राजगड हे नाव देण्याचे ठरविले, म्हणजे एका परीने जुनेच नाव परत आले. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लक्ष ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार भरली. भोर हे लहानसे नगरपरिषदेचे गाव आहे. वेल्ह्यात तेवढेही शहर नाही.

भोरचा राजवाडा १८६९ मध्ये बांधलेला आहे आणि त्यातील रामनवमीचा उत्सव ही तेथील दरबारी परंपरेची सर्वांत परिचित खूण होय. अशा उत्सवांकडे पाहताना समीक्षकाची दृष्टी आपोआप व्यासपीठाकडे जाते: कोण गवई आले, कोणाचे कीर्तन झाले, बिदागी किती मिळाली. परंतु उत्सवाचा खरा हिशेब व्यासपीठाच्या खाली असतो. पहाटे चौघडा वाजविणारा, पालखीपुढे सनई धरणारा, देवळात दिवा-फुलांची व्यवस्था पाहणारा गुरव, कथेच्या वेळी मागे झांज घेऊन उभा राहणारा, यांतील कोणालाही त्या दिवसापुरते बोलावलेले नसे. त्यांचे पोट उत्सवावर नव्हते; त्यांचे पोट जमिनीवर होते, आणि त्या जमिनीच्या किंवा धान्यातील वाट्याच्या मोबदल्यात उत्सवाचे काम त्यांच्याकडे होते. देवस्थान इनाम, चाकरी इनाम, वतन असे त्या व्यवस्थेचे निरनिराळे प्रकार असत. राजा हा या साखळीतील एक दुवा होता. तो बहुधा नवे काही देत नसे, पूर्वापार चालत आलेले चालू ठेवीत असे. सनद नवी करून देणे हीच पुष्कळदा राजाश्रयाची एकमेव कृती असे.

यापेक्षाही खोल असलेला थर गावगाड्याचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, तेव्हा त्यांचा हेतू कलेचा इतिहास लिहिण्याचा नव्हता. गावाच्या अर्थव्यवहाराची चिकित्सा हा त्यांचा विषय. तथापि बलुते-अलुत्यांच्या पारंपरिक याद्या कलाभ्यासकाने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. प्रदेशपरत्वे त्या बदलतात. पण अठरा अलुत्यांच्या प्रचलित यादीत गोंधळी, डवऱ्या, भाट, वाजंत्री, घडशी आणि कलावंत ही नावे तेली, शिंपी, माळी यांच्या शेजारी येतात. जवळजवळ एक तृतीयांश अलुतेदार गाणारे-वाजविणारे आहेत! गावाने कलेला 'आश्रय' दिला असे येथे म्हणताच येत नाही. तेल गाळणे किंवा कपडे शिवणे हे जसे गावाचे काम, तसेच देवीपुढे गोंधळ घालणे हेही काम, आणि भाताची झोडणी झाली की खळ्यावर त्या कामाचा वाटा मोजून द्यावयाचा, अशी ती रीत. 'आश्रय' या शब्दात देणाऱ्याचे औदार्य व घेणाऱ्याची अगतिकता गृहीत असते. 'वाटा' या शब्दात ती नसते. दरबाराकडे तोंड करून लिहिलेल्या इतिहासांनी दुसऱ्या शब्दाची दखल घेतली नाही, यात त्यांची मूळ उणीव आहे.

या व्यवस्थेचा एक गुण स्पष्टपणे नोंदविला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. ती वर्षाची व्यवस्था होती. जत्रा चैत्र-वैशाखात दोन दिवसांची. पण वाजंत्र्याचा वाटा वर्षाचा असे. जत्रेच्या दोन दिवसांत जे दिसते त्यामागे दहा-अकरा महिन्यांचा न दिसणारा व्यवहार असतो: सनईची पाती तयार करणे, संबळाचे कातडे चढविणे, मुलाला ताल शिकविणे, लग्नाचे चाल-बोल व छबिन्याचे चाल-बोल वेगळे ठेवणे. हा व्यवहार चालावा म्हणून कोणी अनुदान मागत नसे, कारण त्याची किंमत खळ्यावरच्या मापात आधीच धरलेली होती.

येथे मात्र थांबून दुसरी बाजू पाहिली पाहिजे. नाहीतर हे विवेचन गतकालाच्या गोडव्यात विरघळून जाईल. खळ्यावरचा वाटा ज्याला मिळत असे, त्याला 'आज वाजवणार नाही' असे म्हणण्याचा हक्क नव्हता. हलगी, डफडे, शिंग ही वाद्ये ज्या जातींकडे होती त्या जातींना ती वाद्ये निवडता आली नव्हती, आणि सोडताही येत नव्हती. गावाची मिरवणूक त्यांच्या वाजविण्यावाचून निघत नसे, आणि त्याच मिरवणुकीतील देवळाची पायरी त्यांना वर्ज्य असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते वतनाच्या तुटपुंज्या वाट्याने माणसाला बांधून ठेवणाऱ्या या व्यवस्थेवरच घाव घालण्यासाठी. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत गावकीच्या कामांबरोबर वाजविण्याचे कामही नाकारले गेले. लोककलेचा अभ्यासक या नकाराची नोंद 'ऱ्हास' या सदराखाली करतो, हे समीक्षेच्या दृष्टीने फार गंभीर आहे. ज्या माणसाने हलगी खाली ठेवली त्याने एक कला टाकली हे खरे. पण ती खाली ठेवण्याचा अधिकार त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला, हेही तितकेच खरे. या दोन्ही वाक्यांना एकाच वेळी जागा देणारी भाषा मराठी कलासमीक्षेने अद्याप पुरेशी घडविलेली नाही.

त्यानंतर कायद्यांनी उरलेले काम पुरे केले. वैयक्तिक इनामे नष्ट करणारा कायदा १९५२ चा. विलीन संस्थानी मुलखातील संकीर्ण इनामांसाठी १९५५ चा स्वतंत्र कायदा झाला आणि भोरसारखे प्रदेश त्याच्या कक्षेत आले. गावपातळीवरील कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीने आणि वतनात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने हे कायदे आवश्यकच होते. त्यांच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. परंतु त्या कायद्यांच्या कर्त्यांपुढे सनईची पाती नव्हती. वतनाबरोबर चाकरी गेली, चाकरीबरोबर वर्षाचा वाटा गेला, आणि त्या वाट्यात जे शिकणे-शिकविणे अंतर्भूत होते त्याची तरतूद कोणत्याही कलमात झाली नाही. नुकसानभरपाई जमिनीची ठरली. तालीम ही मालमत्ता नसल्याने तिची भरपाई ठरण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

ही रिकामी जागा वर्गणीने भरून काढली. वर्गणी जुनीच होती. पण आता तिच्यावर सगळा भार आला. गावची यात्रा समिती घरटी रक्कम ठरवते, मुंबई-पुण्यास कामाला गेलेल्या कुटुंबांकडे यादी घेऊन माणसे जातात, सढळ देणाऱ्याचे नाव फलकावर लागते किंवा ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. पुणे जिल्ह्यात या व्यवहाराचे केंद्र उत्तरेस जुन्नर तालुक्यातील नारायणगाव आहे: गुढीपाडव्याच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या तेथे पडतात, गावोगावचे पुढारी येऊन तारखा ठरवितात आणि सुपारी देतात. हा बाजार प्रामाणिक आहे. त्यात उपकाराची भाषा नाही, आणि फडमालकाला नाही म्हणण्याचा हक्क आहे. गावगाड्याने ज्या स्वातंत्र्याची किंमत मागितली होती ते येथे परत मिळाले. पण सुपारी रात्रीची असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत फड बसून राहतो, आणि त्या महिन्यांचा खर्च पुढच्या हंगामावर उचल घेऊन भागविला जातो. लहान गावात तर प्रश्न आणखी बिकट होतो. वेल्ह्याच्या डोंगरातील पन्नास-साठ उंबऱ्यांच्या वाडीला मोठा फड परवडत नाही. तिथे वर्गणीत बसते ते भजनी मंडळ, सोंगी भारूड, गोंधळ, आणि अलीकडे भाड्याने आणलेली ध्वनियंत्रणा. यंत्र स्वस्त पडते. त्याला वर्षभर जगावे लागत नाही.

या परिसरातील एक कला मात्र वर्गणी, वतन, दरबार यांपैकी कशातच बसत नाही, आणि ती सर्वांत समृद्ध आहे. जात्यावरच्या ओवीला कोणी कधी पैसा दिला नाही, मान दिला नाही, तिथी नेमून दिली नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या आसपासच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात भोर-वेल्ह्याच्या बायकांचाही मोठा वाटा आहे. ती कला ओसरली ती आश्रय सुटल्यामुळे नव्हे. पिठाची गिरणी आल्यामुळे. आणि गिरणी आली याचा आनंद दळणाऱ्या बाईइतका दुसऱ्या कोणाला झाला असेल? द्रव्यसाहाय्याने प्रत्येक कला राखता येते, असा जो एक समज धोरणकर्त्यांत आढळतो, त्याला ओवी हा पुरेसा छेद आहे. येथे जे करता येण्यासारखे होते ते संकलनाचे, आणि ते दोन अभ्यासकांच्या चिकाटीने झाले.

ज्या कलांना द्रव्याची गरज आहे व ती भागवता येते, त्यांचा विचार स्थानिक संस्थांपाशी येऊन ठेपतो. भोर नगरपरिषद १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाखाली चालते. या कायद्याने कर्तव्यांची दोन गटांत विभागणी केली आहे. दिवाबत्ती, पाणी, गटारे, रस्ते ही बंधनकारक. बागा, ग्रंथालये, संग्रहालये, सभागृहे ही ऐच्छिक. पुणे महानगरपालिकेला लागू असलेला १९४९ चा कायदाही याच साच्यातला आहे. नाट्यगृह बांधणे हे पुण्याचेही बंधनकारक कर्तव्य नव्हते. तरीही तेथे ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते कोनशिला बसली आणि २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. कायद्याच्या दृष्टीने भोर आणि पुणे यांचे अधिकार या बाबतीत सारखेच. फरक इतकाच की ऐच्छिक कर्तव्य हे शिल्लक रकमेचे कर्तव्य असते, आणि बंधनकारक कामे भागवून शिल्लक उरते ती मोठ्या शहरात. अठरा-वीस हजार वस्तीच्या 'क' वर्ग नगरपरिषदेत ती उरत नाही. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ अशा रीतीने इच्छेवर न ठरता लोकसंख्येवर ठरतो.

पुण्याचा उल्लेख येथे केवळ तुलनेसाठी नाही. पुणे शहराचे पाणी ज्या धरणांतून येते त्यांपैकी पानशेत वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर आहे. शेजारच्या मोसे नदीवरील वरसगावही याच डोंगररांगांतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात झालेल्या हानीचे वर्णन विपुल आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्या धरणासाठी आधी जी गावे उठली होती त्यांच्या ग्रामदेवतांचे, मानकऱ्यांचे आणि वाजंत्र्यांचे काय झाले, याचे वर्णन तितके विपुल नाही. विस्थापितांपैकी अनेकांना दौंड तालुक्यात जमिनी मिळाल्या. डोंगरातील भातशेतीचे गाव मैदानात नेऊन वसविता येते. पण जत्रेत कोणाची काठी पुढे, पालखीला खांदा कोणाचा, वाजंत्री कोणत्या गावचा, ही जी शेजारगावांशी बांधलेली वीण असते ती गाडीत घालून नेता येत नाही. भोरकडे भाटघरची कथा याहून जुनी. येळवंडीवरचे ते धरण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरे झाले आणि नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडील तालुक्यांत ऊस आणला. उसाच्या पट्ट्यात यात्रांची वर्गणी जड झाली व मोठे फड तेथे जाऊ लागले. ज्या डोंगराने पाणी दिले त्याच्या वाड्यांत मात्र वर्गणी हलकीच राहिली. पाण्यावरील पट्टीचा कोणताही अंश उगमाकडील तालुक्याच्या सांस्कृतिक जीवनासाठी राखून ठेवावा, असा विचार या सबंध काळात धोरणाच्या पातळीवर रुजला नाही. रस्ते, शाळा, वीज यांविषयी धरणग्रस्तांनी मागण्या केल्या. जत्रेविषयी मागणी करणे त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटले असावे.

नगरपरिषद नसलेल्या वेल्ह्यात जबाबदारी येते ती ग्रामपंचायतींवर. येथे कायद्याचा एक विनोद नमूद करण्यासारखा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीला ज्या बाबींवर कर बसविण्याची मुभा आहे त्यांत जत्रा, उत्सव आणि करमणुकीचे खेळ यांचाही समावेश आहे. म्हणजे जत्रेकडून घेण्याचा अधिकार कायद्यात नेमका आहे. जत्रेला देण्याविषयी तितके नेमके काही नाही.

शासनाच्या वरच्या पातळीवर उपक्रम थोडे नाहीत. १९५४ मध्ये मुंबई राज्याने सुरू केलेल्या नाट्यस्पर्धेने हौशी रंगभूमीला जी उभारी दिली ती निर्विवाद आहे. वृद्ध कलावंत व साहित्यिक यांना मासिक मानधन देण्याची योजनाही त्याच दशकातली. तिच्या इतिहासात मूल्यविचाराच्या दृष्टीने एक बोलकी गोष्ट आहे. दीर्घकाळ या योजनेत कलावंतांचे तीन वर्ग होते: राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरचा, आणि मानधन त्या क्रमाने उतरत जाई. ज्याचे नाव दिल्लीस पोचले त्याला अधिक, ज्याचे नाव आपल्या खोऱ्यापलीकडे गेले नाही त्याला कमी. गोंधळी किंवा वाजंत्री यांची कला मुळात खोऱ्यापुरतीच असते. तिथल्या देवीचे नाव, तिथल्या घराण्यांची कुळे हाच तिचा आशय. तो ओलांडून गेल्याशिवाय तिची प्रत वाढत नाही असे मानणे म्हणजे विहिरीने नदी होऊन दाखवावे असे म्हणण्यासारखे होते. २०२४ मध्ये ही वर्गवारी काढून टाकण्यात आली आणि सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरविण्यात आले. हा बदल रकमेपेक्षा तत्त्वाने मोठा आहे. पण मानधन हे वृद्धाला मिळते, शिकणाऱ्याला मिळत नाही. कलावंताच्या आयुष्याच्या अखेरची तरतूद शासनाने केली. कलेच्या पुढच्या पिढीची तरतूद त्यात येत नाही.

जिल्हा पातळीवरून गावात येणारा पैसा बहुतांशी बांधकामाच्या रूपाने येतो. देवस्थानाला तीर्थक्षेत्राचा 'क' वर्ग मिळाला की सभामंडप, फरसबंदी, कमान, भक्तनिवास अशी कामे मंजूर होतात. लोकप्रतिनिधींच्या निधीचीही हीच वाट. याला भ्रष्ट हेतू चिकटविण्याची गरज नाही; कारण साधे आहे. भिंतीचे मोजमाप घेता येते, अभियंता त्यावर सही करू शकतो, लेखापरीक्षक ती पाहून जाऊ शकतो. मुलाला संबळाचे बोल आले की नाही हे मोजमाप पुस्तकात लिहिता येत नाही. परिणाम असा की भोर-वेल्ह्याच्या पुष्कळ गावांत आज देवळापुढे प्रशस्त मंडप आहे आणि त्यात उभे राहून वाजविणारा माणूस दुसऱ्या तालुक्यातून बोलवावा लागतो. दगडाला मिळणाऱ्या मानाची मोठी आवृत्ती जुलै २०२५ मध्ये दिसली. मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले आणि त्यांत राजगड आहे. हा गौरव सार्थ आहे. पण किल्ल्याच्या माच्या जतन करण्यासाठी जी यंत्रणा, जे नकाशे, जे निकष तयार झाले तसे काही पायथ्याच्या गावांतील पोवाडा, गोंधळ, छबिन्याचे वादन यांसाठी तयार झालेले नाही. भोरच्या वाड्याचेही तसेच. अनेक चित्रपटांची चित्रीकरणे तेथे झाली; वाड्याचे खांब पडद्यावर आले, पण त्या दृश्यांतील वाद्यमेळ बहुधा मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षातला असतो.

या चर्चेत उपयोगी पडणारा नमुना अन्य क्षेत्रात उपलब्ध आहे, आणि तो याच राज्याचा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावातील वाचनालयाला वार्षिक अनुदानाचा मार्ग खुला केला. ग्रंथालयाची मान्यता, त्याची अ-ब-क-ड अशी वर्गवारी, दरवर्षीची तपासणी, आणि त्यानुसार दरवर्षी अनुदान. हे अनुदान अपुरे असल्याची कार्यकर्त्यांची तक्रार जुनी व रास्त आहे. पण त्या तक्रारीचे स्वरूपच महत्त्वाचे आहे. ग्रंथपाल 'आमचे अनुदान कमी आहे' असे म्हणू शकतो, कारण वर्षाचे अनुदान हा विषय कायद्याने मान्य केला आहे. सनई शिकविणाऱ्याला असे काही म्हणताच येत नाही. त्याच्यापाशी फक्त कार्यक्रमाचे मानधन मागण्याची भाषा आहे. वाचनाला वर्ष मिळाले, वादनाला रात्र मिळाली.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. एक असा की वर्षाचे अनुदान म्हणजे नवे वतन होय. शासन नवा पाटील होईल आणि वाजविणारा पुन्हा बांधला जाईल. हा आक्षेप इतिहासातून आलेला आहे म्हणून त्याला हसण्यावारी नेता येत नाही. परंतु जुने वतन बांधीत होते ते वार्षिक होते म्हणून नव्हे, तर ते जन्माने ठरत होते आणि नाकारता येत नव्हते म्हणून. जातीची अट नसलेली, कोणत्याही घरातील मुलाला किंवा मुलीला शिकता येईल अशी, आणि हवी तेव्हा सोडता येईल अशी तालमीची वार्षिक तरतूद ही वतनाच्या बरोबर उलट दिशेची गोष्ट ठरेल. ज्या घरांनी १९५६ नंतर हलगी खाली ठेवली त्यांच्या नातवंडांना ती उचलायची असेल तर आपल्या इच्छेने उचलता यावी, आणि पाटलाच्या नातवालाही तिच्याजवळ बसून शिकावेसे वाटावे, इतकी मोकळीक त्यात असावी लागेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. अनुदान द्यावयाचे कोणाला? ग्रंथालय ही नोंदणीकृत संस्था असते; तिला घटना असते, कार्यकारी मंडळ असते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तिचे हिशेब तपासले जातात. भजनी मंडळ प्रसंगी नोंदणी करू शकते, आणि पुष्कळांनी केलीही आहे. परंतु गोंधळ्याचे घर ही संस्था नाही. तेथे बाप शिकवतो, चुलता साथ करतो, मुलगा शाळा सुटल्यावर मागे बसतो. हजेरीपट नाही, पावतीपुस्तक नाही, आणि परीक्षा होते ती जागरणाच्या रात्री, ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर. या घराला संस्थेचे रूप घ्यावयास लावले तर अर्ज भरता येणारे घर टिकेल आणि उत्तम गाणारे घर वगळले जाईल, ही भीती खरी आहे. उलट संस्थेचा आग्रह सोडला तर शिफारस करणारा पुढारी हाच एकमेव निकष उरतो. मानधनाच्या योजनेत निवड समित्यांचा जो दीर्घ अनुभव जिल्ह्याजिल्ह्यांत साठला आहे, त्याची या दृष्टीने तपासणी झाली पाहिजे: कोणत्या तालुक्यातून किती अर्ज आले, त्यांत वादक किती, स्त्रिया किती, आणि वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यातून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत अर्ज पोचविला तो कोणी.